हिरड्यांनी दात सोडलेत? नाशिकच्या दवाखान्यात रोज कानावर पडणारे प्रश्न

मी हिरड्यांची डॉक्टर. पाटीवर ‘पेरिओडॉन्टिस्ट’ असं लिहिलंय, पण तो शब्द आजवर कुणी पहिल्या फटक्यात वाचलेला मला आठवत नाही. बहुतेकांसाठी मी ‘दाताच्या बाई’, आणि ते मला चालतं. खुर्चीत बसलं की तोंड उघडं, त्यामुळे प्रश्न विचारता येत नाहीत. ते सुचतात बाहेर चपला घालताना, नाहीतर रात्री साडेदहाला फोनवर येतात. तेच प्रश्न, शक्यतो लोकांच्याच शब्दांत, इथे उतरवलेत.

बाई, माझे दात लांब झालेत का?

दात लांब होत नाहीत, हिरडी मागे जाते. आधी झाकलेलं मूळ उघडं पडतं म्हणून दात लांब वाटतो. दाताच्या वरच्या भागावर इनॅमलचं कवच असतं, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. मुळावर मात्र ते कवच नाही. तिथे सिमेंटमचा पातळ थर असतो, तो लवकर झिजतो आणि रंगाने पिवळसर दिसतो.

घरी बघायचं असेल तर सकाळच्या उजेडात खिडकीशी आरसा घेऊन उभं राहा. बाथरूमच्या दिव्यात काही कळत नाही. ओठ वर उचला आणि सुळ्याकडे बघा. शेजारच्या दातांपेक्षा तिथली हिरडीची कमान उंच गेलीय का? दाताच्या गळ्याशी पिवळा पट्टा दिसतोय का? मग नख हळूच फिरवा. खाचेत अडकलं तर ती झीज आहे.

माझ्या स्वतःच्या वरच्या डाव्या सुळ्याची हिरडी दोन मिलिमीटर सरकलेली आहे. होस्टेलला असताना कडक ब्रशने खसाखसा घासायचे, स्वच्छतेची हौस म्हणून. उजव्या हाताने घासणाऱ्यांचा बहुधा डावा सुळाच आधी जातो, हाताचा सगळा जोर तिथे पडतो. हिरड्यांचं शिक्षण सुरू व्हायच्या आधीच माझं हे नुकसान होऊन गेलं होतं. पेशंट ओशाळले की मी त्यांना माझा सुळा दाखवते.

गेलेली हिरडी परत वाढते का?

आपोआप नाही. हा प्रश्न लोक मला तीन-तीनदा विचारतात, दरवेळी वेगळं उत्तर मिळेल या आशेने.

बोट कापलं तर भरून येतं, मग हिरडी का नाही? कारण हिरडी नुसती दाताला चिकटलेली नसते, ती खालच्या हाडाच्या आधाराने उभी असते. द्राक्षबागेवाल्यांना मी सांगते, मांडवाची तार खाली आली की वेलही खाली येणार. वेलीला कितीही खत घाला, तार नसेल तिथे ती तरंगत राहणार नाही. हाड गेलं की हिरडी त्याच्यामागे जाते. गोळ्या, मंजन, तेल, मालिश, लेझर, कशानेच ती उंची परत येत नाही. जिथे दातांच्या मधलं हाड शाबूत आहे, तिथे ऑपरेशन करून मूळ झाकता येतं. त्याबद्दल पुढे सांगते.

एक अपवाद आहे. लहान मुलांच्या खालच्या पुढच्या दातांची हिरडी कधी कधी वाढीच्या वयात आपसूक सुधारते, म्हणून तिथे आम्ही घाई न करता वाट बघतो.

पण मग झालं कशामुळे?

खरं तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. लोक उपाय विचारत येतात, कारण विचारत नाहीत. आणि कारण तसंच ठेवून केलेला उपाय सहा महिन्यांत वाया जातो.

माझ्याकडे ढोबळमानाने दोन तऱ्हेची माणसं येतात. पहिल्यांचे दात नीट घासलेलेच नसतात. हिरडीच्या कडेला रोज जंतूंचा मऊ थर बसतो, त्याला आम्ही प्लाक म्हणतो. तो काढला नाही तर लाळेतल्या कॅल्शियममुळे कडक होतो, तेच किटण. हिरडी सुजते, दातापासून सुटते, आत खिसा तयार होतो आणि तिथे बसून जंतू हाड पोखरायला लावतात. लोक याला पायरिया म्हणतात. यात बहुतेक वेळा बऱ्याच दातांच्या हिरड्या एकदम गेलेल्या असतात आणि मधल्या जागेत काळे त्रिकोण दिसतात.

दुसऱ्या तऱ्हेची माणसं अगदी उलट. तोंड लखलखीत, किटणाचा कण नाही, आणि सुळे-दाढांच्या बाहेरच्या बाजूला हिरडी घासून घासून गेलेली. कडक ब्रश, आडवा हात, वर ‘पांढरे करणारं’ खरखरीत मंजन. दिवसातून तीनदा घासतो हे ती अभिमानाने सांगतात. आता या दोघांना एकच सल्ला कसा द्यायचा? पहिल्याला म्हणायचं जास्त घासा, दुसऱ्याला म्हणायचं हात आवरा. म्हणून शेजारच्या काकूंना लागू पडलेला उपाय तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

बाकी कारणंही आहेत. काहींची हिरडी जन्मतःच कागदासारखी पातळ असते. दात ओळीच्या बाहेर असेल तर त्यावरचं हाड आधीच पातळ असतं. ओठाची आतली पट्टी कधी हिरडीला ओढते. काढ-घाल करायच्या कवळीची तार रुतते. एकाला पेन्सिलचं टोक हिरडीत खुपसायची सवय होती, आणि ते त्याला स्वतःलाच माहीत नव्हतं.

आणि तंबाखू. तिला वेगळा प्रश्न द्यावा लागतो.

मी तंबाखू खात नाही, फक्त मशेरी लावते. तीही वाईट का?

मशेरी म्हणजे तंबाखूच. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि कुटलेली, एवढाच फरक.

पेठकडून एक आजी येतात. कमरेला छोटी डबी, उजव्या हाताच्या तर्जनीचं टोक कायमचं काळपट. त्यांना म्हटलं, आजी, लावून दाखवा बरं कशी लावता. बोट नेमकं खालच्या डाव्या सुळ्याशी टेकलं. तिथेच हिरडी पाच मिलिमीटर खाली गेलेली, मूळ कॉफीच्या रंगाचं आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढुरका चट्टा. बाकी तोंड वयाच्या मानाने ठणठणीत. मी हिरडीचं बोलत राहिले तरी माझं निम्मं लक्ष त्या चट्ट्यावर होतं, कारण असे चट्टे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतात. आधी त्याची तपासणी करून घेतली.

मशेरी सोडा म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं: ‘ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.’ हे खोटं नाही. निकोटिनने आतड्याला चालना मिळते आणि वर्षानुवर्षांची सवय लागते. त्यामुळे ‘सोडा’ म्हणून भागत नाही. सकाळी कोमट पाणी, रात्री भिजवलेले मनुके किंवा इसबगोल, आणि दिवसातून चारदा लावत असाल तर आधी दोनदा, असं उतरावं लागतं. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारची मोफत हेल्पलाइन आहे: १८००-११-२३५६.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला आपल्याकडे १९९२ पासून बंदी आहे, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून. बंदी असूनही काय मिळतं हे टपरीवर उभं राहिलं की कळतं.

रक्त येत नाही, दुखत नाही. मग आजार कसा असेल?

हिरडीचा आजार बराच काळ दुखतच नाही, म्हणून तर तो इतका पुढे जातो. तंबाखूवाल्यांमध्ये रक्तसुद्धा कमी येतं, कारण निकोटिनने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आखडतात. रक्त थांबलं म्हणजे बरं झालं असं समजू नका.

तपासताना तुम्ही ‘तीन, दोन, पाच’ असं काय म्हणत असता?

बारीक खुणा केलेली बोथट सळई असते. ती हिरडी आणि दाताच्या मधे अलगद सरकवून खिसा किती खोल आहे ते मोजते. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चारच्या पुढे आकडा गेला की मी आवाज जरा वाढवते, म्हणजे सिस्टर नीट लिहून घेते. शिवाय हिरडी किती सरकलीय ते वेगळं मोजतो, दात हलतोय का बघतो आणि हाडासाठी एक्स-रे काढतो.

फाइलवर ‘स्टेज ३, ग्रेड बी’ असं काही दिसलं तर कॅन्सरची स्टेज समजून घाबरू नका. परवा एक दादा त्या एका ओळीपायी रात्रभर झोपले नव्हते. स्टेज १ ते ४ म्हणजे हाड किती गेलंय, ग्रेड ए ते सी म्हणजे ते किती वेगाने जातंय.

हे आकडे मोजल्याशिवाय कुणी थेट ऑपरेशन सुचवलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

दात साफ करून घेतले तर ते सैल होतात, फटी पडतात, असं आमच्याकडे सगळे म्हणतात.

हो, सगळे म्हणतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. किटण काढायच्या आधी दोन दातांमधली जागा किटणाने बुजलेली असते आणि हिरडी सुजून वर आलेली असते. साफ केल्यावर किटण जातं, आठ-पंधरा दिवसांत सूज उतरते आणि खाली आधीपासून असलेली फट उघडी पडते. हलणारा दात किटणाच्या थराने शेजारच्या दातांना बांधल्यासारखा असतो. तो थर निघाला की दाताचं हलणं जाणवतं. फट आम्ही पाडलेली नसते, पण ती दिसते आमच्यानंतरच. म्हणून मी हे साफसफाईच्या आधी सांगते, नंतर सांगितलं की सबब वाटते.

स्केलिंगची, म्हणजे किटण काढायची मशीन इनॅमल खरवडत नाही. तिचं टोक थरथरतं आणि पाण्याच्या फवाऱ्यात किटण फुटून पडतं. खिसे खोल असतील तर भूल देऊन मुळापर्यंत सफाई करावी लागते, ती दोन ते चार बैठकांत होते. नंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा मोजायचं. कितीतरी जणांचे पाचाचे आकडे तिथे तीनावर आलेले असतात आणि ऑपरेशनची गरजच उरत नाही.

दात साफ करणं हे हल्लीचं फॅड आहे असं वाटणाऱ्यांसाठी: सुश्रुतसंहितेत दंतशर्करा, म्हणजे हेच किटण, दाताच्या मुळाला इजा न करता काढावं असं सांगितलेलं आहे.

मीठ, हळद, तेल, लवंग, तुरटी. यातलं काय चालतं?

*कोमट मिठाचं पाणी:* चालतं. पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ. सुजलेल्या हिरडीला आराम पडतो. पण मीठ बोटावर घेऊन चोळणं वेगळं, ते खड्यांनी घासणं झालं.

*हळद:* सूज थोडी उतरवते. तेवढंच. कपडे पिवळे होतात हे फुकट.

*तेलाच्या गुळण्या:* तीळतेल किंवा खोबरेल तोंडात घेऊन खळखळवणं ही जुनी पद्धत आहे. तोंड भरून तेल स्थिर धरणं म्हणजे गंडूष, खळखळवणं म्हणजे कवल. दातावरचा मऊ थर याने काहीसा कमी होऊ शकतो. कडक झालेलं किटण जात नाही आणि हिरडी वर येत नाही. आवडत असेल तर करा, ब्रश मात्र सोडू नका. आणि ते तेल बेसिनमध्ये थुंकू नका, पाइप तुंबतो.

*लवंग तेल:* दाताच्या ठणक्याला एक थेंब कापसावर, पातळ करून. नुसतं तेल हिरडीवर थापलं तर हिरडी भाजते. डोकेदुखीची गोळी हिरडीशी दाबून ठेवणारे लोक आजही आहेत. तिथे पांढरी, जळालेली खूण पडते. गोळी गिळायची असते.

*तुरटी:* तात्पुरती आकसते, रक्त थांबतं आणि माणूस निर्धास्त होतो. आजार आत चालूच असतो, म्हणून तुरटी मला आवडत नाही.

*लिंबू, खायचा सोडा, कोळशाची पूड:* नको. आधीच उघड्या पडलेल्या मुळावर आंबट आणि खरखरीत, दोन्ही नको.

*कडुलिंबाची, बाभळीची काडी:* टोक चावून कुंचल्यासारखं मऊ केलं आणि हलक्या हाताने फिरवलं तर हरकत नाही. काडी आडवी करवतीसारखी चालवली तर कडक ब्रशचाच भाऊ.

बुधवारच्या बाजारात गंगेवर, म्हणजे आमच्या गोदाकाठी, मिळणाऱ्या मंजनाच्या पुड्यांबद्दलही विचारतात. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर त्यात गेरू आहे, राख आहे की तंबाखू, हे मला चाखून सांगता येत नाही. तोंडात टाकल्यावर झिणझिणी आली आणि बरं वाटलं, तर संशय जास्त घ्या.

आयुर्वेदात याला औषध नाही का?

आपल्या गावात गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथल्या वैद्यांना जरूर भेटा. हिरडीतून रक्त, दुर्गंधी, हिरडी मऊ पडून झडणं, याला सुश्रुताने शीताद असं नाव दिलंय. म्हणजे आजार जुनाच आणि ओळखीचा. सूज आणि रक्त यांच्यासाठी तिथले उपचार आमच्या उपचारासोबत चालू शकतात. माझी अट एकच: किटण काढून घ्या आणि खिसे मोजून घ्या. मग काढा घेतलात तरी माझी तक्रार नाही, सहा महिन्यांनी आकडे पुन्हा बघू.

थंडीत दात इतके का शिवशिवतात?

निफाडला पारा घसरल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवसापासून मला हेच फोन. मुळावरचा पातळ थर झिजला की खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला थर, उघडं पडतं. त्यात नसेपर्यंत जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. गार पाणी लागलं की तो द्रव हलतो आणि सणक थेट डोक्यात जाते.

उपाय म्हणजे या नळ्यांची तोंडं बुजवणं किंवा नस शांत करणं. सेन्सिटिव्ह पेस्टच्या मागच्या बाजूला पोटॅशियम नायट्रेट किंवा स्टॅनस फ्लोराइड असं काही लिहिलंय का बघा. दोन्ही वेळा वापरा, निदान दोन-तीन आठवडे धीर धरा, आणि घासल्यावर भरपूर गुळण्या करून ती धुऊन टाकू नका, नुसती थुंका. चार दिवस वापरून ‘काही उपयोग नाही’ म्हणत पेस्ट बदलणारे खूप. एवढ्याने भागलं नाही तर दवाखान्यात फ्लोराइडचा लेप लावतो आणि खाच खोल असेल तर दाताच्या रंगाचं सिमेंट भरतो.

आणि हो, नळाच्या बर्फगार पाण्याने चूळ भरायची सक्ती कुणी केलेली नाही. कोमट घ्या.

द्राक्षं, वाइन, मिसळ… काय काय बंद?

काहीच बंद नाही. नाशिकमध्ये राहून मिसळ बंद करा असं सांगणारी डॉक्टर टिकणार नाही. द्राक्षं आणि वाइन आंबट असतात, त्याने उघड्या मुळाचा पृष्ठभाग थोडा वेळ मऊ पडतो. त्यामुळे ती खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नका. पाण्याने चूळ भरा, अर्धा तास जाऊ द्या. बागेत काम करणाऱ्यांनी काढणीच्या दिवसांत येता-जाता मणी तोंडात टाकणं कमी करावं. एकदा बसून पोटभर खाल्लेली द्राक्षं दिवसभर एकेक खाल्लेल्या द्राक्षांपेक्षा दाताला बरी.

ब्रश नेमका कसा फिरवायचा?

मऊ केसांचा ब्रश घ्या. ‘मीडियम’ नको, ‘हार्ड’ तर दुकानात ठेवूच नये असं माझं मत आहे. ब्रश मुठीत धरू नका, पेनासारखा बोटांत धरा, जोर निम्म्यावर येतो. केस हिरडीच्या आणि दाताच्या सीमेवर तिरके टेकवा, साधारण पंचेचाळीस अंशांत. जागच्या जागी थोडंसं हलवा, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झटका. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. भांडी घासल्यासारखा आडवा हात नको. सकाळी आणि रात्री, दोन-दोन मिनिटं.

ब्रशचे केस महिन्याभरात पिंजारले असतील तर तो पुरावा समजा. माझ्याकडे येताना वापरातला ब्रश घेऊन या असं मी मुद्दाम सांगते. त्या ब्रशवरून मला अर्धं निदान कळतं.

दातांच्या मधे फट असेल तर तिथे बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा चिमुकला ब्रश मिळतो, तो वापरा. टाचणी, काडेपेटीची काडी, मंगळसूत्रातली वाटी, हे सगळं मी तोंडात गेलेलं पाहिलंय. नका करू.

लाल-गुलाबी माउथवॉश, ज्यात क्लोरहेक्सिडिन असतं, तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दोन आठवड्यांच्या पुढे नको. दात तपकिरी पडतात, चहावाल्यांचे जास्तच. पेस्ट आणि तो यांच्यात अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.

शुगर आहे. त्याचा संबंध असतो?

दोन्ही बाजूंनी. शुगर वाढली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीतली सूज शुगरला खाली येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यांनी खाली येतं असं दिसलंय. आकडा छोटा वाटतो, पण डायबेटिसच्या डॉक्टरांना विचारा, तेवढ्यासाठी ते किती झटतात. शुगर हाताबाहेर असेल तर मी साफसफाई करते, हिरडीचं ऑपरेशन पुढे ढकलते.

रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, ती बंद करून येऊ?

स्वतःच्या मनाने अजिबात नाही. चिठ्ठी घेऊन या, हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलते.

गरोदरपणात हिरड्यांतून रक्त येतंय. बाळ झाल्यावर बघू का?

थांबू नका. संप्रेरकांमुळे या दिवसांत हिरड्या जास्त सुजतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दात साफ करून घेणं सोयीचं आणि सुरक्षित आहे. ‘एका बाळामागे एक दात जातो’ हे आजीचं म्हणणं तिच्या काळात दवाखाना लांब होता म्हणून खरं ठरायचं.

मुलीला तारा लावायच्यात. हिरड्या सरकतील का?

हिरडी पातळ असेल आणि दात बाहेरच्या बाजूला ढकलायचा असेल तर धोका असतो. तारा लावायच्या आधी एकदा हिरडी दाखवून घ्या. कधी आधी हिरडी जाड करून घेणं शहाणपणाचं ठरतं.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करता?

आधी कुणावर करत नाही ते सांगते. जंतूंचा आजार चालू असलेल्यावर नाही, तंबाखू चालू असलेल्यावर शक्यतो नाही, आणि ब्रशचा हात अजून सुधारला नाही त्याच्यावर तर नाहीच. माझ्या सुळ्यावरही नाही, कारण हात बदलल्यापासून तो सरकलेला नाही, दुखत नाही आणि हसताना दिसत नाही. सरकलेल्या प्रत्येक हिरडीला सुरी लागत नाही.

करायचं ठरलं तर पहिला प्रश्न असतो, शेजारच्या दातांच्या मधलं हाड आणि हिरडी शिल्लक आहे का. आम्ही त्याला आरटी १, २, ३ अशा पायऱ्या देतो. पहिल्या पायरीत मूळ पूर्ण झाकलं जाण्याची आशा धरता येते, दुसरीत थोडंफार, तिसरीत पूर्ण झाकणं जमत नाही. हे ऑपरेशनच्या आधी तुम्हाला स्पष्ट सांगितलं गेलं पाहिजे.

सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे टाळूतून आतल्या थराचा पातळ पापुद्रा घ्यायचा, उघड्या मुळावर बसवायचा आणि जवळची हिरडी सैल करून त्यावर ओढून शिवायची. भूल फक्त तेवढ्या भागाला. त्याच दिवशी घरी. दुखतं कुठे, तर बहुतेकांना दातापाशी कमी आणि टाळूला जास्त, गरम पापडाने टाळू भाजल्यासारखं, पण आठवडाभर.

नंतरचे पंधरा दिवस महत्त्वाचे. कोमट खिचडी, दहीभात, ताक. दुसऱ्या बाजूने चावायचं. त्या जागी ब्रश दोन-तीन आठवडे बंद, सांगितलेला माउथवॉश. टाके दहा ते चौदा दिवसांनी. आणि कृपा करून ओठ उचलून आरशात ‘चिकटलंय का’ बघू नका. एका मावशींनी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ओठ ओढून दाखवला. चौथ्या दिवशी टाका उसवला.

पिनहोल, पीआरएफ, लेझर यांच्या जाहिराती येतात. ते?

पिनहोल म्हणजे टाचणीएवढ्या छिद्रातून हिरडी सैल करून खाली सरकवणं. अमेरिकेतले डॉ. जॉन चाव यांची ही पद्धत. टाळू कापावा लागत नाही हा फायदा खरा, पण प्रत्येक दाताला ती चालत नाही. पीआरएफमध्ये तुमचंच थोडं रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात आणि त्यातून मिळालेला जेलीसारखा पापुद्रा जखमेत ठेवतात. जखम भरायला मदत होते. टाळूच्या पापुद्र्याची बरोबरी मात्र तो सहसा करत नाही. लेझर हे हत्यार आहे, औषध नाही. ‘लेझरने हिरडी पुन्हा उगवते’ असं पोस्टरवर दिसलं तर पुढे वाचू नका.

खर्च किती, आणि नाशिकमध्ये स्वस्तात कुठे?

ठरलेला भाव नाही. दात किती, पद्धत कोणती, यावर तो बदलतो. अंदाज कागदावर लिहून मागा, त्यात लाजायचं काही नाही. साध्या मेडिक्लेममध्ये दातांचे असे उपचार सहसा बसत नाहीत, तेव्हा पॉलिसी आधीच वाचा.

खिशाला परवडायला हवं असेल तर पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिरचं कर्मवीर भाऊसाहेब हिरे दंत महाविद्यालय आहे. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. शिकणारे डॉक्टर काम करतात, वर शिकवणारे उभे असतात. वेळ जास्त जातो, सकाळ मोकळी ठेवून जा. त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालयही आहेच. खासगीत दाखवणार असाल तर बीडीएसनंतर हिरड्यांमध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेलं आहे का, ते विचारा. मला विचारलं तरी मला राग येत नाही.

बाई, द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय. माल निघाल्यावर मार्चमध्ये आलो तर चालेल?

दिंडोरी-निफाडकडचे निम्मे पेशंट हे विचारतात. ऑपरेशन असेल तर मार्चमध्ये या, पाच महिन्यांनी त्यात फार बिघडत नाही. मोजणी आणि साफसफाई मात्र छाटणीच्या आधी करून जा, त्याला एक-दोन सकाळी पुरतात. दात हलत असेल, हिरडीतून पू येत असेल, किंवा तोंडात न दुखणारा पांढरा-लाल चट्टा पंधरा दिवसांत गेला नसेल, तर छाटणी भावाकडे सोपवा आणि या आठवड्यातच या. येताना तो पिंजारलेला ब्रश विसरू नका.